ज्याच्या तलवारीच्या मुठीत औषध होतं

रात्रीचे दीड वाजलेत. सकाळी जर्नल सबमिट करायचंय, पण सध्या तुमच्यासमोर त्याहून मोठं संकट उभं आहे. समोरच्या राक्षसाने तुमची हेल्थ पार तळाला नेलीय. तलवार अपग्रेड केलेली, चिलखत अपग्रेड केलेलं, तरी भागत नाहीये. मग तुमचं बोट सवयीने एका बटणावर जातं. लाल रंगाची छोटी बाटली रिकामी होते, हिरवी पट्टी सरसर वर चढते आणि तुम्ही पुन्हा भिडता.

ही बाटली तुम्ही सहज मिळवलेली नाही. त्यासाठी अर्धा नकाशा पालथा घातलात, झाडपाला गोळा केलात, कुठल्याशा गुहेतून खनिज फोडून आणलंत, ते भट्टीवर शिजवलंत. आधी साधं पोशन होतं, मग त्यात आणखी काहीतरी टाकून तेच जास्त कडक केलंत. एखादा पदार्थ घ्यायचा, त्यातला गाळ काढून टाकायचा, अर्क तेवढा ठेवायचा आणि त्याची ताकद वाढवत न्यायची, ही कल्पना तुम्हाला इतकी ओळखीची झालीय, की ती कुठून आली असा प्रश्नही पडत नाही.

ती एकट्या माणसाच्या डोक्यातून आलेली नाही. पण तिच्यासाठी ज्याने नोकरी, गाव, मानमरातब सगळं घालवलं असा एक माणूस पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्या कमरेला लांबलचक तलवार असे. तिच्या मुठीच्या गोळ्यात तो आपलं सगळ्यात जालीम औषध लपवून ठेवतो, अशी दंतकथा युरोपभर पसरली होती. हत्यार आणि पोशन एकाच वस्तूत! एखाद्या गेम डिझायनरला सुचावं असं हे पात्र खरोखरच होऊन गेलं. त्याचं नाव पॅरासेल्सस.

सुरुवातीचा नकाशा

हे नाव त्याने स्वतः मोठेपणी घेतलं. तुम्ही गेमर टॅग घेता ना, तसंच काहीसं. खरं नाव थिओफ्रास्टस फॉन होहेनहाइम. सेल्सस हा प्राचीन रोममधला वैद्यकावर लिहिणारा मोठा लेखक. पॅरासेल्सस म्हणजे सेल्ससच्याही पलीकडे गेलेला, असा त्याचा अर्थ अनेक जण लावतात. काहींच्या मते ते होहेनहाइम या आडनावाचंच लॅटिन रूप आहे. त्याचा स्वभाव पाहता पहिला अर्थ त्याला जास्त आवडला असता, हे नक्की.

जन्म साधारण १४९३ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या आइनझीडेल्न या तीर्थक्षेत्राच्या गावाजवळ. वडील वैद्य. आई तिथल्या मठाची बांधील सेविका, आणि ती तो लहान असतानाच गेली. मग १५०२ च्या सुमारास बापलेक ऑस्ट्रियातल्या फिलाख गावी आले. इथे त्याच्या आयुष्याला वळण लागलं, कारण फिलाखच्या आसपास खाणी होत्या. शिशाच्या खाणी, धातू गाळायच्या भट्ट्या, आणि या धंद्यात पैसा ओतणारं फुगर नावाचं बलाढ्य सावकारी घराणं. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

कल्पना करा, तुम्ही दहा-बारा वर्षांचे आहात. बाबा घरी झाडपाल्याची औषधं करतायत आणि गावाबाहेर माणसं डोंगराच्या पोटातून दगड काढून त्यांचा धातू करतायत. दगड भट्टीत जातो, मळ वर तरंगतो आणि खाली चकचकीत धातू उरतो. त्या पोराच्या मनात हे चित्र कायमचं ठसलं असणार. कारण पुढे आयुष्यभर तो एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रकारे सांगत राहिला: निसर्ग कोणतीच गोष्ट तयार करून हातात देत नाही. धान्य मिळतं, भाकरी आपल्याला करावी लागते. द्राक्षं मिळतात, मद्य आपल्याला करावं लागतं. तसंच औषधही. आगीच्या मदतीने कच्च्या मालाला त्याच्या पूर्ण रूपापर्यंत नेणं, याला तो किमया म्हणायचा. शिशाचं सोनं करणाऱ्यांची त्या काळी चलती होती, पण याला सोन्यापेक्षा औषधात रस होता.

साइड क्वेस्ट्सचं आयुष्य

इटलीत फेरारा इथे आपण वैद्यकाची पदवी घेतली असं तो सांगायचा. त्याचा लेखी पुरावा सापडलेला नाही, आणि हा मुद्दा पुढे त्याला चांगलाच नडला. पण पदवी असो वा नसो, विद्यापीठात जे शिकवत होते त्याने त्याचं समाधान झालं नव्हतं.

काय शिकवत होते? तेराशे वर्षांपूर्वीचा गेलन आणि पाचशे वर्षांपूर्वीचा अविसेना, म्हणजे इब्न सिना. शरीरात चार द्रव असतात, त्यांचा तोल बिघडला की आजार होतो, म्हणून रक्त काढा, जुलाब द्या, उलट्या करवा. प्राध्यापक ग्रंथातलं लॅटिन वाचून दाखवणार, विद्यार्थी उतरवून घेणार. रुग्णाला हात लावणं, जखम शिवणं ही कामं हलकी समजली जात, ती न्हाव्यांकडे. थिअरीचे मास्तर वेगळे आणि प्रॅक्टिकलचे कारागीर वेगळे. तुमच्या कॉलेजातलं काही आठवलं तर तो योगायोग समजा.

मग त्याने सरळ झोळी उचलली आणि चालायला लागला. वर्षानुवर्षं युरोप पायाखाली घातला. सैन्यांबरोबर शल्यकार म्हणून राहिला. आणि वाटेत ज्याला ज्याला काही येत होतं, त्याच्याकडून शिकला. न्हावी, सुईणी, खाणकामगार, भटके, हमामखान्यातले नोकर, गावातल्या म्हाताऱ्या बाया. वैद्य मंडळी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती, त्यांनाच हा प्रश्न विचारत फिरत होता.

तुम्ही 'स्कायरिम' खेळला असाल, तर त्यात एखाद्या वनस्पतीचा गुणधर्म कसा कळतो ते आठवा. पुस्तक वाचून नाही, तर ती उचलून तोंडात टाकून. चुकलात तर थोडी हेल्थ जाते, पण ज्ञान मिळतं. पॅरासेल्ससचा मार्ग साधारण असाच होता. फरक एवढाच, की गेममध्ये चूक झाली तर मागचा सेव्ह उघडता येतो. त्याच्यासमोर खाटेवर पडलेली माणसं होती. तिथे मागचा सेव्ह नव्हता.

युद्धभूमीवर त्याने एक गोष्ट पाहिली. तलवारीच्या, भाल्याच्या, नव्याने आलेल्या बंदुकीच्या जखमा घेऊन सैनिक यायचे आणि शल्यकार त्या जखमांवर डागण्या द्यायचे, उकळतं तेल ओतायचे, काय काय कोंबायचे. याचं निरीक्षण उलटं होतं. जखम शरीर स्वतःच भरून काढतं. वैद्याचं काम तिला स्वच्छ ठेवायचं आणि बाहेरच्या घाणीपासून जपायचं. म्हणजे जखमेभोवती चिलखत बनून उभं राहायचं. कितीतरी हात आणि पाय या एका समजुतीने वाचू शकत होते.

बाझल: एक पाय, एक पुस्तक आणि होळी

१५२५ मध्ये साल्झबर्गला शेतकऱ्यांचं बंड झालं. याची सहानुभूती गरिबांकडे, त्यामुळे गाव सोडावं लागलं. पुढे स्ट्रासबर्ग. आणि मग १५२७ मध्ये त्याला आयुष्यातली सगळ्यात मोठी संधी मिळाली.

बाझल शहरात योहान फ्रोबेन नावाचा प्रकाशक होता, युरोपातल्या सगळ्यात नावाजलेल्यांपैकी एक. त्याचा पाय इतका दुखावला होता, की वैद्य तो कापायच्या गोष्टी करत होते. पॅरासेल्ससला बोलावलं आणि पाय वाचला. फ्रोबेनचा स्नेही होता इरॅस्मस, म्हणजे त्या काळातला युरोपातला सर्वांत मोठा विद्वान. त्यानेही आपल्या दुखण्याबद्दल पॅरासेल्ससला पत्र लिहून सल्ला विचारला. बघता बघता हा भटका माणूस बाझलचा नगरवैद्य झाला आणि त्यासोबत विद्यापीठात शिकवायचा हक्कही मिळाला. वय जेमतेम तेहतीस-चौतीस.

इथे दुसरा कोणी असता तर शांत बसला असता. यानं काय केलं? जून महिन्यात आपल्या वर्गांची जाहीर पत्रिका काढली. आपण जुन्या ग्रंथांतलं नाही, तर स्वतःच्या अनुभवातलं शिकवणार असं त्यात सांगितलं. वर्ग लॅटिनऐवजी रस्त्यावरच्या जर्मन भाषेत घेतले. न्हावी-शल्यकारांनाही वर्गात येऊन बसायची मुभा दिली. आणि २४ जूनला, सेंट जॉनच्या सणाची होळी पेटली होती तेव्हा, विद्यार्थ्यांच्या गर्दीत त्याने वैद्यकातला एक जाडजूड प्रमाणग्रंथ त्या आगीत फेकून दिला. तो अविसेनाचा होता असं बहुतेक चरित्रांत येतं.

तुम्हाला वाटेल, काय भारी माणूस! विद्यार्थ्यांनाही तेव्हा तसंच वाटलं असणार. पण त्यात त्याचा उद्दामपणाही होता, हे नाकारून चालणार नाही. इब्न सिनाने जे जमवलं होतं ते काही कचरा नव्हतं. आणि पॅरासेल्सस कोणालाच सोडत नसे. सहकारी वैद्यांना तो अशा शब्दांत झोडपायचा, की ते इथे छापता येणार नाहीत. विद्यापीठाने त्याच्या पदवीचा पुरावा मागितला. शहरातल्या औषधविक्रेत्यांचे आणि वैद्यांचे लागेबांधे त्याने उघड्यावर आणले, म्हणून तेही भडकले. एका सकाळी गावात त्याची टर उडवणारी निनावी कविता चिकटवलेली सापडली. कवितेत गेलनचं भूत येऊन त्याला शिव्या घालत होतं. थोडक्यात, सोळाव्या शतकातलं मीम.

त्यातच ऑक्टोबरमध्ये फ्रोबेन वारला आणि पाठीशी उभा राहणारा मोठा आधार गेला. शेवटचा धक्का पैशावरून बसला. लिख्टेनफेल्स नावाच्या एका श्रीमंत धर्माधिकाऱ्याने पोटदुखीतून बरं केलंस तर शंभर गिल्डर देईन असं कबूल केलं होतं. पॅरासेल्ससने थोड्या गोळ्या दिल्या, माणूस बरा झाला. इतक्याशा गोळ्यांचे शंभर कशाला, म्हणून त्याने हातावर सहा टेकवले. पॅरासेल्सस कोर्टात गेला आणि हरला. मग त्याने न्यायाधीशांनाच जाहीरपणे शिव्या घातल्या. अटक होणार अशी कुणकुण लागताच १५२८ च्या सुरुवातीला तो रातोरात बाझलमधून पळाला. पुरतं एक वर्षही टिकला नाही.

तलवार उशाशी

या दिवसांतलं त्याचं एक जवळून काढलेलं चित्र उपलब्ध आहे. ओपोरिनस नावाचा तरुण त्याचा मदतनीस होता. हाच पुढे मोठा मुद्रक झाला आणि मानवी शरीररचनेवरचा व्हेसेलियसचा अजरामर ग्रंथ १५४३ मध्ये त्याने छापला. तर या ओपोरिनसने बऱ्याच वर्षांनी एका पत्रात आपल्या जुन्या गुरूची सगळी लक्तरं टांगली.

त्यानुसार पॅरासेल्सस बेसुमार प्यायचा. अंगावरच्या कपड्यांनिशी झोपायचा. रात्री-अपरात्री उठून लिहायचा मजकूर तोंडी सांगायचा. भट्टी कधी विझू द्यायचा नाही, सतत काहीतरी शिजत असायचं. आणि ती तलवार! ती आपल्याला एका जल्लादाकडून मिळाली अशी फुशारकी तो मारायचा. रात्री कधी तरी अचानक उठून ती उपसायचा आणि अंधारात अशी सपासप फिरवायचा, की आपलं डोकं उडतं की काय या भीतीने बिचारा ओपोरिनस गारठायचा. रूममेटबद्दलच्या तुमच्या तक्रारी आता जरा किरकोळ वाटतील.

पण त्याच पत्रात ओपोरिनस हेही कबूल करतो, की असाध्य मानलेल्या दुखण्यांवर या माणसाच्या हाताला यश होतं आणि त्याच्याकडे लॉडॅनम नावाच्या गोळ्या होत्या, ज्यांचा त्याला फार अभिमान होता. लॉडॅनम हे नाव पॅरासेल्ससनेच दिलं. पुढे शतकानुशतकं ते अफूच्या औषधासाठी वापरलं गेलं. तलवारीच्या मुठीत लपवलेलं औषध ते हेच, असं लोक म्हणू लागले. नंतरच्या चित्रांत त्या मुठीच्या गोळ्यावर 'अ‍ॅझॉथ' हा शब्द कोरलेला दिसतो. किमयागारांच्या भाषेत सर्व रोगांवरचा रामबाण किंवा पाऱ्याचं सत्त्व असा त्याचा अर्थ. 'गेनशिन इम्पॅक्ट'मध्ये पात्राची पातळी वाढवायला लागणारं रत्न एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलताना तुम्ही जी भुकटी वापरता, तिच्या नावात हाच अ‍ॅझॉथ आहे.

अपग्रेडचं गणित

आता मुख्य मुद्दा. पोशन कडक करायचं म्हणजे नेमकं काय?

'माइनक्राफ्ट'मध्ये तुम्ही हे रोज करता. पाण्याच्या बाटलीत नेदर वॉर्ट घातलं की पाया तयार होतो. पुढे ग्लोस्टोन घातला तर पोशनचा जोर वाढतो, रेडस्टोन घातला तर परिणाम जास्त वेळ टिकतो. दोन्ही एकदम मिळत नाही. आणि आंबवलेला कोळ्याचा डोळा घातलात, तर बरं करणारं पोशन चक्क इजा करणारं होतं. म्हणजे औषध आणि विष यांत अंतर फक्त एका घटकाचं.

पॅरासेल्ससच्या मते तर तेवढंही नव्हतं. १५३८ मध्ये स्वतःवरच्या आरोपांना उत्तर देताना त्याने जी मांडणी केली, तिच्यामुळे आज त्याला विषशास्त्राचा जनक म्हणतात. आरोप असा होता, की हा माणूस लोकांना विषं पाजतो. पारा, अँटिमनी, गंधक, लोहाचे क्षार ही काय औषधं झाली? त्याचं उत्तर असं, की जगातला प्रत्येक पदार्थ विष आहे. विष नाही असं काहीच नाही. एखादी गोष्ट तारते की मारते हे ठरवते ती तिची मात्रा.

मराठीत आपण हे किती सहज बोलतो बघा. मात्रा म्हणजे प्रमाण आणि मात्रा म्हणजे औषधही. त्याच्यावर कुणाची मात्रा चालत नाही, असं आपण म्हणतो, तेव्हा दोन्ही अर्थ एकत्र आलेले असतात. युरोपात मात्र ही गोष्ट ठणकावून सांगायला एका भांडखोर माणसाला पुढे यावं लागलं.

'द विचर ३' खेळताना पोशन प्यायल्यावर हेल्थच्या शेजारी एक हिरवी पट्टी चढते, ती आठवते? ती विषारीपणाची पट्टी. एक प्यायलात तर ताकद वाढते, लागोपाठ ढोसत गेलात तर तेच पोशन तुमचा जीव खाऊ लागतं. ती पट्टी म्हणजे पॅरासेल्ससचा सिद्धांतच. आणि त्याच गेममध्ये पोशनच्या बाटल्या परत भरायला कडक दारू लागते, हेही उगाच नाही. मद्याच्या अर्कासाठी अल्कोहोल हा शब्द रुळवण्याचं श्रेय पॅरासेल्ससला देतात. त्याआधी तो शब्द बारीक वस्त्रगाळ भुकटीसाठी होता, डोळ्यांत घालायच्या सुरम्यासारख्या.

पदार्थ वेगळे कसे करायचे, याचंही त्याचं एक सूत्र होतं. लाकूड जाळून पाहा, तो सांगे. जे जळतं ते गंधक, धूर होऊन उडून जातं तो पारा, आणि मागे राख उरते ते मीठ. प्रत्येक वस्तू या तीन तत्त्वांची. आजच्या रसायनशास्त्रात हे टिकत नाही. पण आजार म्हणजे साऱ्या शरीराचा तोल बिघडणं, या जुन्या समजुतीऐवजी त्याने सांगितलं, की प्रत्येक आजाराचं कारण वेगळं, जागा वेगळी आणि म्हणून औषधही नेमकं वेगळं हवं. या ठिकाणी तो आपल्या काळाच्या पुढे उभा होता. त्याच वेळी तो ग्रहताऱ्यांचा शरीरावरचा परिणामही मानत होता आणि ज्या वनस्पतीचा आकार ज्या अवयवासारखा, ती त्या अवयवाला गुणकारी, असंही समजत होता. एक पाय पुढच्या लेव्हलवर, दुसरा मागच्याच.

विकत मिळणारी जादू

बाझलनंतर १५२९ मध्ये तो न्युरेंबर्गला पोहोचला. तेव्हा युरोपात सिफिलिसने हाहाकार माजवला होता. उपचार दोन. एक, पाऱ्याचा लेप फासून रुग्णाला कोंदट गरम खोलीत डांबायचं. त्यात दात पडायचे, तोंडातून लाळ गळायची आणि अनेकांना रोगाआधी पाराच न्यायचा. दुसरा उपचार नव्या खंडातून, अमेरिकेतून आलेलं ग्वायाकम नावाचं महागडं लाकूड. त्याच्या काढ्याचा बोलबाला सगळीकडे होता, आणि त्याच्या आयातीत पैसा कोणाचा होता? फुगरांचा. लहानपणी ज्यांच्या भट्ट्यांचा धूर त्याने पाहिला, तेच घराणं.

गेममध्ये कष्ट न करता खऱ्या पैशांत विकत मिळणारं चमचमतं आयटम तुम्ही घेता आणि ते काही कामाचं नसतं हे नंतर कळतं, तसा हा प्रकार. पॅरासेल्ससने लिहिलं, की या लाकडाने हा रोग बरा होत नाही. पाऱ्याचा उपयोग आहे, पण शुद्ध करून, मोजून, जपून. लाकडाबाबत तो बरोबर होता. त्याची दोन छोटी पुस्तकं छापून निघाली. मग लाइपझिगच्या वैद्यकीय विद्याशाखेने हरकत घेतली आणि न्युरेंबर्गच्या नगरपरिषदेने त्याचं पुढचं लेखन छापायला बंदी घातली.

ज्याच्याकडे सांगण्यासारखं होतं त्याचा आवाजच बंद झाला. पुढची काही वर्षं फार हलाखीची गेली. इन्सब्रुकला त्याचे फाटके कपडे बघून हा वैद्य असूच शकत नाही असं म्हणत त्याला हाकललं. १५३४ मध्ये श्टेर्झिंग गावात प्लेगची साथ आली, तेव्हा मात्र तो तिथे गेला, रुग्णांत राहिला आणि त्या अनुभवावर एक पुस्तिकाही लिहिली.

याच काळात त्याने खाणकामगारांच्या आजारांवर लिहिलं. एकाच धंद्यातल्या लोकांना होणाऱ्या आजारांवर लिहिलेलं युरोपातलं हे पहिलं पुस्तक मानतात. खाणीत उतरणारी माणसं धापा टाकत तरुणपणीच मरायची. डोंगरातली भुतं पापाची शिक्षा देतात, असं लोक म्हणत. त्याने म्हटलं, ही माणसं आत जी धातूची वाफ आणि हवा ओढतात, तिनेच फुप्फुसं जातात. गंमत म्हणजे त्याच माणसाने मातीत राहणारे नोम, हवेतल्या सिल्फ, पाण्यातल्या अनडाइन आणि आगीतले सॅलमँडर यांच्यावरही एक पुस्तक लिहिलं. आज शेकडो फॅन्टसी गेम्समध्ये हीच चौकडी तुम्हाला भेटते. भुतांवर त्याचा विश्वास होता, पण खाणकामगाराच्या खोकल्याचं खापर त्याने त्यांच्यावर फोडलं नाही.

शेवटची खोली

१५३६ मध्ये त्याचा जखमांवरचा मोठा ग्रंथ आउग्सबुर्गला छापला गेला आणि अखेर थोडं नाव झालं. पण स्थिर व्हायला उशीर झाला होता. २४ सप्टेंबर १५४१ रोजी साल्झबर्गमध्ये तो वारला. वय सत्तेचाळीस. तीन दिवस आधी एका खानावळीच्या खोलीत त्याने मृत्युपत्र केलं होतं. इन्व्हेंटरीत फार काही नव्हतं. वैद्यकाची पुस्तकं आणि औषधांचं सामान साल्झबर्गमधल्या एका न्हावी-शल्यकाराच्या नावे केलं, आणि उरलेलं बरंचसं गरिबांना. ज्यांच्याकडून शिकला, त्यांच्याकडेच ते परत गेलं.

लिहिलेल्यातलं बहुतेक सगळं तो गेला तेव्हा छापायचं राहिलं होतं. खाणकामगारांवरचं पुस्तक १५६७ मध्ये निघालं. १५८९ पासून त्याचे समग्र ग्रंथ दहा खंडांत छापले गेले, आणि कुठे? ज्या शहरातून तो रातोरात पळाला होता, त्याच बाझलमध्ये. १६१८ मध्ये लंडनच्या वैद्यांनी अधिकृत औषधांची यादी काढली, तिच्यात रसायनांपासून केलेल्या औषधांना जागा मिळाली होती. हळूहळू त्याच्या नावाभोवती जादूटोण्याच्या कथा जमल्या, त्याच्या नावावर दुसऱ्यांचं लेखन खपवलं गेलं. बाटलीत माणूस तयार करायची कृती त्याच्या नावावर आहे, पण तीही त्याची की दुसऱ्या कोणाची, याची शंका अभ्यासकांना आहे. 'फुलमेटल अल्केमिस्ट' पाहिलं असेल, तर त्यातल्या वडिलांचं होहेनहाइम हे नाव आणि बाटलीतला तो छोटा जीव कुठून आला, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

त्याने आयुष्यभर औषधं अपग्रेड केली, स्वतःची जीभ मात्र कधी केली नाही. थोडं गोड बोलला असता, तर कदाचित बाझलमध्ये टिकला असता, पुस्तकं वेळेत छापली गेली असती आणि काही माणसं तरी त्या पाऱ्याच्या खोल्यांतून वाचली असती. की तसा असता तर तो ग्रंथ आगीत टाकायची हिंमतच झाली नसती? तुम्ही ठरवा. शहाणपण आणि कडवटपणा यांचीही एक मात्रा असते, आणि ती त्याला शेवटपर्यंत साधली नाही.

आता घड्याळात बघा. अडीच वाजत आले. राक्षस अजून उभा आहे, बाटल्या दोनच उरल्यात आणि विषारीपणाची पट्टी अर्ध्यावर गेलीय. पुढची बाटली उघडण्याआधी क्षणभर थांबाल. तो थांबलेला क्षण पॅरासेल्ससचा. आणि हो, जर्नल अजून बाकी आहे.